ग्रंथालयाचे निमंत्रण आणि भाषेची कार्ये

लोकांनी ग्रंथालयात यावे म्हणून जी आवाहने केली जातात, त्यांचा विचार प्रचारतंत्रात करावयाचा, भाषाविचारात नव्हे, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः अशा आवाहनाचे बळ पुष्कळदा क्रियापदाच्या एखाद्या रूपात साठविलेले असते. आणि ते कोठे दुबळे पडते, हेही भाषेच्या कार्यांकडे पाहिल्यावाचून उमगत नाही.

कार्ल ब्यूलर यांनी १९३४ मध्ये भाषेची तीन कार्ये मानली होती. रोमान याकोब्सन यांनी १९५८ च्या इंडियाना विद्यापीठातील परिषदेत मांडलेल्या व १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ती सहा केली. बोलणाऱ्याकडे वळलेले ते भावपर, ऐकणाऱ्याकडे वळलेले ते आवाहनपर, विषयाकडे वळलेले ते संदर्भपर. संबंध जुळविणारे व टिकविणारे ते संपर्कपर, भाषेविषयीच बोलणारे ते अधिभाषिक आणि शब्दरचनेकडे लक्ष वेधणारे ते काव्यपर. एका विधानात ही कार्ये एकत्र नांदतात. प्रश्न असतो तो त्यांपैकी प्रमुख कोणते, हा.

या दृष्टीने कोथरूडच्या वाचकाचा विचार उद्बोधक ठरतो. १८४८ मध्ये ‘पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर शहराच्या जुन्या भागातील. पेठेत राहणाऱ्यास असे ग्रंथालय मंडईला जाता-येता दिसे. त्यास निराळ्या निमंत्रणाची गरज नव्हती. पुढे वस्ती पश्चिमेस पसरली आणि कोथरूड हे गाव शहराचे दाट उपनगर झाले. तेथील रहिवाशास जुन्या शहरातील ग्रंथालयात जावयाचे तर मुद्दाम निघावे लागते. जे काम पूर्वी वाटेवरची इमारत करीत असे, ते आता शब्दांनी करावयाचे आहे.

मराठीत हे काम करणारी रूपे अनेक आहेत, आणि त्यांत केवळ सौजन्याचा फरक नाही. ‘ग्रंथालयात या’ ही आज्ञा. ‘ग्रंथालयात यावे’ या विध्यर्थी रूपात लग्नपत्रिकेतील अगत्य आहे, परंतु शाळेतील सुविचाराच्या फळ्याची छायाही आहे. ‘वाचू या’ म्हणताच बोलणारा समोरच्याच्या पंक्तीला येऊन बसतो. हळदीकुंकवाच्या निमंत्रणात ‘यायचं हं’ असे म्हणतात. त्यातील ‘हं’ला कोशात अर्थ शोधू गेल्यास फारसा हाती लागणार नाही. तो शब्द संपर्क जोडतो, आणि बोलावणे खरे ठरते ते त्यामुळेच. १९२३ मध्ये मालिनोव्स्की यांनी अशाच निव्वळ संबंध राखणाऱ्या बोलण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. ग्रंथालयांच्या फलकांवर मात्र विध्यर्थाचेच राज्य दिसते; ‘हं’ तेथे क्वचितच पोहोचला आहे.

‘वाचाल तर वाचाल’ हे घोषवाक्य सर्वपरिचित आहे. पुस्तक वाचणे आणि संकटातून वाचणे या दोन क्रियापदांचे भविष्यकाळी द्वितीयपुरुषी रूप एकच, एवढ्या आधारावर ते उभे आहे. याकोब्सनप्रणीत काव्यपर कार्याचे इतके सोपे उदाहरण सापडणे कठीण. त्याचे हिंदीत भाषांतर करून पाहावे: ‘पढ़ोगे तो बचोगे’. आशय शाबूत राहिला. राहिली नाही ती मोहिनी. तथापि या वाक्यात उपदेशाबरोबर धाकही आहे. न वाचणारा वाचणार नाही, ही त्याची दुसरी बाजू. शिवाय कोठे जाऊन वाचावे, यासंबंधी ते काहीच सांगत नाही. स्मरणात राहणे आणि पाऊल उचलावयास लावणे या दोन गोष्टी भिन्न होत.

‘गाव तेथे ग्रंथालय’ याची जात वेगळी. ‘गाव तेथे एस.टी.’च्या वळणाचे हे क्रियापदहीन वाक्य वरकरणी सर्वांसाठी असले, तरी त्याचा खरा श्रोता शासन व संस्था हा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्या धोरणाच्या भाषेत हे वाक्य शोभते. वाचकाला उद्देशून ते वापरले की निष्प्रभ होते, कारण त्यात त्याला करावयाचे असे काही नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये पुणे पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने झालेल्या ‘शांतता... पुणेकर वाचत आहेत’ या उपक्रमाचे नाव अधिक चतुर म्हणावे लागेल. विजय तेंडुलकरांच्या १९६७ मधील ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे स्मरण त्यात आहेच. परंतु ग्रंथालयातील ‘शांतता राखा’ या पाटीचेही आहे. पाटीवरील शांतता वाचकाला गप्प करणारी. येथील शांतता त्याच्या बाजूने इतरांना थांबविणारी. ‘वाचा’ असे कोठेही म्हटलेले नाही. लोक वाचतच आहेत, असे सांगणारे हे वर्तमानकाळी, रूपाने संदर्भपर वाक्य आवाहनाचे काम करून जाते, आणि ‘पुणेकर’ या एका शब्दाने ऐकणाऱ्यास त्यात ओढून घेते.

अधिभाषिक अडचणीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. वाचनालय, ग्रंथालय, वाचन मंदिर, लायब्ररी हे शब्द समानार्थी मानले जातात. स्पर्धा परीक्षेच्या पुण्यातील विद्यार्थ्यास ‘लायब्ररी’ म्हणजे बहुधा अभ्यासिका: ठरावीक टेबल, दिवा आणि मासिक शुल्क. त्याला ‘लायब्ररीत या’ म्हटले तर तो बसावयास जागा आहे का, असे विचारील; पुस्तकांची चौकशी करीलच असे नाही. दोष त्याचा नव्हे. शब्द बदलला आहे, फलक बदललेला नाही.

आणि सर्वांत उपेक्षित राहते ते संदर्भपर कार्य. कोथरूडहून निघणाऱ्यास कोणत्या थांब्यावर उतरावे, सुट्टी कोणत्या वारी, अनामत किती, एका वेळी किती पुस्तके घरी नेता येतात, सभासद नसताना आत येऊन कपाटे पाहिली तर चालेल काय, हे हवे असते. यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फलकांवर सहसा आढळत नाही, आणि नवागत दाराशी घुटमळतो तो नेमका त्याच प्रश्नापाशी. ‘आत येऊन पुस्तके पाहावयास सभासदत्व लागत नाही’ या वाक्यात ना यमक आहे, ना उपदेश. जेथे तसा नियम असेल तेथे ते रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे. ‘शांतता राखा’ ही पाटी आतल्या खोलीत ठेवता येईल.