गणित आणि चिप एकाच टेबलावर

विहारातील रविवारच्या वर्गात एका मुलाने विचारले, "काका, क्वांटम संगणक म्हणजे काय हो?" आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. पण प्रश्न टाळणे ही काही बाबासाहेबांची शिकवण नव्हे. म्हणून वाचून समजून घेतले, ते येथे मांडतो.

साध्या संगणकात एक तर शून्य, नाही तर एक. क्वांटम संगणकाच्या क्यूबिटमध्ये दोन्हींचे मिश्रण राहू शकते. आयबीएम, गूगल या कंपन्या क्यूबिटसाठी अतिसंवाहक धातू वापरतात. उणे २७३ अंशांच्या जवळपास थंड केल्यावर त्यातून वीज अडथळ्याविना वाहते. पण क्यूबिट फार नाजूक. जराशी उष्णता लागली की हिशेब चुकतो.

आम्ही कारकून चूक शोधायला खतावणीची उभी-आडवी बेरीज जुळवतो. येथेही तसेच. मूळ आकडा उघडून पाहिला तर तोच बिघडतो, म्हणून शेजारच्या तपासनीस क्यूबिटांना फक्त 'मेळ बसतो का?' एवढेच विचारतात.

शेजारी किती, हे मात्र चिपच्या जोडणीवर ठरते. प्रचलित पद्धतीला चार शेजारी लागतात. गूगलने २०२४ च्या डिसेंबरात 'विलो' या १०५ क्यूबिटांच्या चिपवर ती यशस्वी करून दाखवली. पण तिला क्यूबिट फार लागतात. त्याच वर्षी मार्चमध्ये आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात नवी पद्धत मांडली. १२ भरवशाचे क्यूबिट राखण्यास जुन्या पद्धतीने सुमारे ३००० लागतील, तेथे २८८ पुरतील. अट एकच : प्रत्येक क्यूबिटला सहा जोडण्या हव्यात, त्यांतल्या काही लांबच्या. त्यांच्या तेव्हाच्या चिपमध्ये असत दोन-तीन! म्हणून चिप नव्याने आखावी लागली. गणित करणाऱ्यांनीही तारा दोन थरांत बसतील, असेच गणित निवडले होते.

हे सारे परदेशातच चालते असे नाही. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी २०२४ मध्ये ६ क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली.

लिहिणारा श्रेष्ठ आणि हाताने घडवणारा हलका, ही समजूत आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या भोवली. या कामात तर घडवणाऱ्याचे ऐकल्यावाचून लिहिणाऱ्याचे पाऊल पुढे पडत नाही. तेव्हा पालकहो, गणितात हुशार मुलगी आणि आयटीआयला जाणारा मुलगा यांच्यात उच्च-नीच करू नका. दोघांनाही विज्ञान शिकू द्या, आणि एकमेकांना शिकवू द्या.

जय भीम!