‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणजे काय? स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधील तीन ओळी

स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की घरचे लोक पहिला प्रश्न विचारतात, "कितवी स्टेज?" स्टेज महत्त्वाची आहेच. पण त्याच रिपोर्टमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावे असतात आणि त्यांच्यापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहिलेले असते. पुढची काही वर्षे पेशंटला कोणते औषध मिळणार हे बऱ्याच अंशी या तीन ओळींवर ठरते. वस्तीतल्या, गावातल्या पेशंटसोबत दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना त्या वाचता आल्याच पाहिजेत.

इस्ट्रोजेन हे मुख्यतः स्त्रीच्या बीजांडकोशात तयार होणारे हार्मोन. रक्तातून ते सगळीकडे फिरते, पण सगळ्या पेशी त्याचे ऐकत नाहीत. ज्या पेशीत त्याला पकडणारे प्रथिन असते, तीच ऐकते. या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. (हर-टू हा वेगळा प्रकार. तो पेशीच्या पृष्ठभागावर असतो आणि त्याची औषधेही वेगळी.) इस्ट्रोजेन पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते आणि रिसेप्टरला चिकटते. त्याबरोबर रिसेप्टरचा आकार बदलतो. दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवर ठरलेल्या जागी बसतात, मदतनीस प्रथिने गोळा करतात आणि पेशीला विभाजनाला लावणारी जनुके चालू होतात. निरोगी स्तनात हे काम मर्यादेत चालते. कॅन्सरच्या पेशीचे ब्रेक आधीच निकामी झालेले असतात, त्यामुळे तिथे तोच संदेश गाठ वाढवत राहतो.

रिसेप्टर ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी याची चाहूल लागली होती. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी गायीचे दूध टिकावे म्हणून काही देशांतले शेतकरी तिचे बीजांडकोश काढतात, असे ऐकले होते. स्तनाचा आणि बीजांडकोशाचा काहीतरी संबंध असावा, हे त्यांनी त्यावरून ताडले. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या स्त्रीचे बीजांडकोश काढल्यावर गाठी ओसरल्याचे त्यांनी 1896 मध्ये प्रसिद्ध केले. पण हा उपाय साधारण तिघींपैकी एकीलाच लागू पडे. कोणाला पडणार हे आधी कळत नसे, म्हणून कित्येक स्त्रियांची शस्त्रक्रिया फुकट जाई. शिकागोत एल्वूड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी खूण लावलेले इस्ट्रोजेन वापरून रिसेप्टर शोधला, तेव्हा हे कोडे सुटले. ज्या गाठीत रिसेप्टर आहे, तीच हार्मोन तोडल्यावर आक्रसते.

टॅमॉक्सिफेन या गोळीची कथा आणखी गमतीची. आयसीआय या ब्रिटिश कंपनीत 1962 मध्ये ती गर्भनिरोधक म्हणून तयार झाली आणि त्या कामात नापास झाली. पण ती रिसेप्टरमध्ये इस्ट्रोजेनच्याच जागी जाऊन बसते आणि त्याचा आकार असा वाकवते की मदतनीस प्रथिने चिकटूच शकत नाहीत. किल्ली कुलपात शिरते, पण फिरत नाही. ईआर पॉझिटिव्ह पेशंटने पाच वर्षे ती घेतली, तर पहिल्या पंधरा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ही गोळी महागडी नाही, जुनी जेनेरिक गोळी आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांना बऱ्याचदा लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल देतात. चरबीत इस्ट्रोजेन तयार होणेच ते थांबवतात.

या उपचाराला ‘हार्मोन थेरपी’ म्हणतात आणि घोटाळा इथेच होतो. ऐकणाऱ्याला वाटते, शरीरात हार्मोन घालणार. प्रत्यक्षात उपचार हार्मोन अडवण्याचा आहे. आमच्या मते हे नावच दिशाभूल करणारे आहे. दुसरे असे की ही गोळी सहसा केमो संपल्यावर सुरू होते. केस परत येतात, बाई कामाला लागते, अंगावर गरम वाफा येऊ लागल्या की गोळी बंद पडते. गाठ नसताना गोळी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की शरीरात लपून राहिलेल्या मोजक्या पेशी इस्ट्रोजेनची वाट पाहत असतात आणि ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही परतू शकतो. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगावे, परस्पर बंद करू नये. टॅमॉक्सिफेन गर्भाशयात मात्र थोडेफार इस्ट्रोजेनसारखे वागते, म्हणून पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर लगेच दाखवावे. गोळी चालू असताना गर्भधारणा टाळावी.

आता सर्वात दुर्लक्षित भाग. हा रिपोर्ट प्रयोगशाळेत नव्हे, ऑपरेशन थिएटरच्या टेबलावर बिघडू शकतो. काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे. फॉर्मालिन तुकड्याच्या दहापट हवे, मोठी गाठ असेल तर ती कापून आतपर्यंत ते पोहोचले पाहिजे, आणि 6 ते 72 तास त्यात राहिली पाहिजे. तुकडा सलाइनमध्ये किंवा कोरडा पडून राहिला, तर रिसेप्टर नष्ट होतात आणि पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह दिसते. मग त्या बाईला स्वस्तातली, उपयोगी गोळी लिहूनच दिली जात नाही. याची भरपाई नंतर कोणतीही महाग केमो करत नाही.

म्हणून शस्त्रक्रियेआधीच विचारा: जाड सुईने बायोप्सी होणार का? त्या तुकड्यावर तिन्ही तपासण्या होतील का? रिपोर्टमध्ये नुसते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नको, किती टक्के पेशींनी रंग पकडला तेही हवे. शंभरात एका पेशीने पकडला तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात, मात्र दहा टक्क्यांपर्यंत असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात आणि औषधाचा उपयोग तितका खात्रीचा नसतो. निगेटिव्ह आले तर शेजारच्या निरोगी पेशींनी रंग पकडला होता का, हे पॅथॉलॉजिस्टना विचारता येते. त्यांनीही पकडला नसेल, तर तपासणीच संशयास्पद असते.

तिन्ही निगेटिव्ह असतील, तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तिथे टॅमॉक्सिफेन किंवा हर-टूची औषधे चालत नाहीत, उपचाराचा भर केमोवर राहतो. भारतात अशा पेशंटचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते. म्हणूनच निगेटिव्ह शिक्का खात्रीचा असणे इथे जास्त गरजेचे.

तपासलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या हॉस्पिटलचे मत घ्यायचे असेल, तर लेखी अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. त्यावर ईआरची तपासणी पुन्हा करता येते.