शेणाची वीज, मोटारीची पस्तीस मिनिटं

गोबरगॅसची साठ वर्षांची कहाणी फसलेली योजना म्हणूनच सांगितली जाते. खादी आयोगाने १९६०च्या दशकात तरंगत्या टाकीचं संयंत्र गावोगाव नेलं, १९८१-८२ला राष्ट्रीय कार्यक्रम आला, १९८४ला स्वस्तातलं ‘दीनबंधू’ आलं. चूल पेटली, पाण्याची मोटार काही चालली नाही. माझ्या मते फसली ती विजेची अपेक्षा. मध्य प्रदेशातल्या जामसांवलीच्या आसपासचा, सौंसर-पांढुर्ण्याकडचा संत्रा-कापूसवाला शेतकरी घ्या. गोठ्यात चार जनावरं धरली तर दिवसाला शेण चाळीस किलो. पंचवीस किलोंमागे एक घनमीटर, म्हणजे गॅस दीड घनमीटरच्या थोडा वर. छोट्या इंजिनावर त्याची वीज दोन-अडीच युनिट. पाच एचपीची मोटार ती पस्तीस मिनिटांत पिऊन टाकते. तोच गॅस शेगडीला दिला तर महिन्याला वीस किलो एलपीजीचं, जवळपास दीड सिलेंडरचं काम करतो. कारण साधं आहे: छोट्या इंजिनात तीन-चतुर्थांश ऊर्जा नुसती तापण्यात जाते.

शिवाय मुकाबला कुणाशी होता? मध्य प्रदेशात १९९३ला पाच एचपीपर्यंतच्या पंपांची वीज फुकट झाली. पुढे दर लागला तोही एचपीमागे वर्षाला ७५० रुपये. त्यापुढे गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडने गंजणारं इंजिन, ऑइल आणि मिस्त्री कुणाला परवडणार? त्यातून गहू-चण्याला पाणी हवं त्या डिसेंबर-जानेवारीतच थंडीने गॅस घटतो. स्वस्त लाइन रात्री-अपरात्री येते, हा आक्षेप खरा. पण दिवसाच्या पाण्याचं उत्तर २०१९च्या कुसुम योजनेपासून सौरपंपाने दिलं आहे. शंभर जनावरांची गोशाळा असेल तर रोज साठेक युनिट निघतात, डिझेल वाचतं, तिथे इंजिन शोभतं. ट्रॅक्टर आल्यावर बैल विकलेल्या गोठ्याला तो हिशेब लावता येत नाही.

कर्नाटकातल्या पुरा गावाचा दाखला माझ्याविरुद्ध देता येईल. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने १९८७पासून तिथे गावाच्या शेणावर जनित्र चाललं. मात्र ती वीज दिव्यांना आणि पिण्याच्या पाण्याला गेली, ओलिताला नाही. दुसरं असं की शेणाची गोवरी जाळली तर नत्र धुरात जातं, संयंत्रातून निघालेल्या काल्यात ते टिकतं. आपल्याकडे संत्र्याच्या बगीच्याला शेणखताची ट्रॉली विकत आणणारा माणूसही गोबरगॅसचा हिशेब मांडताना हा काला धरत नाही. पुरात मात्र तो धरला होता: तिथल्या लोकांना शेण आणून टाकण्याचे किलोमागे दोन पैसे मिळत, आणि दिलेल्या शेणाच्या प्रमाणात खतही ते परत घेऊन जात.