भुसा ओंजळभर, खोली बंद

२०२४ च्या ऑगस्टमध्ये, गणपती तीन आठवड्यांवर आले असताना, आमच्या मागच्या खोलीतला एसी गळायला लागला. खाली मखराची अर्धी कापलेली कमान टेकवून ठेवली होती. ४ मिलिमीटरचं प्लायवूड ते. रात्रभर थेंब पडत राहिले आणि सकाळपर्यंत त्याचे पापुद्रे सुटले. एसीवाला आला, पुढचं झाकण काढून त्याने निचऱ्याच्या नळीत हवा मारली. नळीतून ओल्या कणकेसारखा पिवळट लगदा बाहेर पडला. तो बोटांत चोळून बघत त्याने विचारलं, "साहब, इस कमरे में क्या काम करते हो?"

लगदा लाकडाचा होता. मी तिथे दीड महिना स्क्रोल सॉवर मखर कापत होतो.

स्क्रोल सॉ म्हणजे शिलाई मशीनच्या चुलतभावंडांतलं यंत्र. सुईच्या जागी काडीएवढं पातं, साधारण १२७ मिलिमीटर लांब, मिनिटाला ४०० ते १६०० वेळा वरखाली होणारं. लाकूड आपण हातांनी फिरवायचं, पातं जागच्या जागी. नक्षीची आतली भोकं कापायची तर आधी ड्रिलने छिद्र पाडायचं, पातं सोडवून त्यातून ओवायचं आणि पुन्हा ताणून बसवायचं. जास्वंदीची पाकळी, मोराचा तुरा, कमानीतली जाळी यांना याच्याइतकं सोयीचं दुसरं यंत्र नाही. थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली तेव्हापासून इथल्या, शारजातल्या मित्रमंडळींतही लाकडी मखराची मागणी वाढली. माझ्याकडे दरवर्षी तीन-चार घरांची मखरं असतात.

माझ्या काकांचं सुतारकाम सावंतवाडीजवळच्या घराच्या पडवीत चालायचं. एका बाजूला भिंत, तीन बाजूंना वारा. भुसा अंगणात उडायचा, संध्याकाळी काकी तो झाडून माडाच्या आळ्यात टाकायची. धुळीचा बंदोबस्त असा वेगळा कोणी केला नव्हता, तो घराच्या बांधणीतच होता. इथेही जुनी कामं अशीच चालायची. खाडीकाठी हिंदुस्थानातून आलेल्या सागवानातून गलबतं बांधली जायची ती उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात.

शारजातली माझी खोली मेडसाठी बांधलेली आहे: ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, २.७ मीटर उंच. नोव्हेंबर ते मार्च दार सताड उघडं टाकून काम करता येतं. पण मखरं कापायची ती जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा बाहेर ४५ अंश, वर समुद्राचा दमटपणा. याच दिवसांत, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी असते. खिडकी बंद, दार बंद, एसी चालू. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत सोडतो. त्याची जाळी केस आणि कापसाचे धागे अडवते. बारीक भुसा जाळीतून पार होतो, ओल्या कॉइलवर चिकटतो, पाण्याबरोबर नळीत उतरतो. जो तिथेही अडकत नाही तो फिरून माझ्या नाकाशी येतो.

एसी दुरुस्त झाल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडला, आणि त्या हिशेबाने माझी झोप उडवली. एका मखरात अंदाजे ६० मीटर कापाई. पात्याची वाट ०.८ मिलिमीटर, प्लाय ४ मिलिमीटर. म्हणजे एकूण भुसा १९२ घन सेंटिमीटर, वजनाने सव्वाशे ग्रॅमच्या आतच. ओंजळभर. इतकीशी गोष्ट म्हणून मी आजवर तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. आता दुसरी बाजू. अमेरिकेतली नायोश ही कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था सांगते की कामाच्या जागी एक घनमीटर हवेत लाकडाची धूळ १ मिलिग्रॅमच्या वर नसावी. माझ्या खोलीत हवा आहे १६ घनमीटर. म्हणजे १६ मिलिग्रॅम धूळ तरंगत राहिली की मर्यादा गाठली. चिमूटभर मीठसुद्धा याच्या कितीतरी पट भरतं. ओंजळीतला सात हजारावा भाग हवेत राहिला तरी पुरे.

आणि तो राहतो. १० मायक्रॉनचा कण स्तब्ध हवेत पाच-सहा मिनिटांत मीटरभर खाली येतो. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्यासाठी सात-आठ तास लागतात, आणि एसी चालू असलेल्या खोलीत हवा स्तब्ध कधीच नसते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून काय ते समजावं. मोठ्या करवतीचा भुसा डोळ्यांना दिसतो, पायाला लागतो. स्क्रोल सॉचे दाते इतके बारीक की त्याची पूड पिठासारखी होते.

इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की नाकाच्या पोकळीचा एक एरवी दुर्मीळ कर्करोग तिथल्या लाकूड कामगारांत वारंवार दिसतोय. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. ते कामगार जन्मभर कारखान्यात राबलेले, मी सुट्टीच्या दिवशी काम करणारा; दोघांचा धोका सारखा नाही हे मला कळतं. पण हे वाचल्यावर यंत्र चालू करून "एवढ्याने काय होतंय" म्हणणं मला जमेना.

पहिला विचार मोठ्या डस्ट कलेक्टरचा आला. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका दुकानदाराने तो घेऊ दिला नाही, त्याचे उपकार आहेत. मोठा कलेक्टर भरपूर हवा ओढतो, पण हलक्या ताणाने. त्याला ४ इंची पाइप लागतो. स्क्रोल सॉचं धुळीचं तोंड सव्वा इंची. पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ एकदम दहाव्या हिश्श्यावर आणलं की तो कलेक्टर नुसता घोंघावतो. अरुंद वाटेतून जोराने ओढायचं काम वर्कशॉपच्या व्हॅक्यूमचं. माझ्या करवतीची मोटर १२० वॉटची, व्हॅक्यूम १२०० वॉटचा. कापण्यापेक्षा कापलेलं गोळा करायला दहापट वीज.

मग जोडणी. इथल्या बाजारात अमेरिकी, युरोपी आणि चिनी मापं शेजारीशेजारी विकली जातात. ३२, ३५, ३८ मिलिमीटर अशी तोंडं, आणि एकात दुसरं बसत नाही. दुबईतल्या ड्रॅगन मार्टमध्ये दोन शुक्रवार घालवले, अडॅप्टरचा संच आणला, तोही सैल. शेवटी सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून दोन्ही तोंडांवर चढवला आणि दोन क्लिपांनी आवळला. तो जोड आजही तसाच आहे, हवा सुटत नाही.

व्हॅक्यूम लावला, खालचा भुसा जायला लागला. वरचा मात्र तसाच. स्क्रोल सॉला एक फुंकणी असते. ती पात्याच्या पुढ्यात वारा मारून रेघ स्वच्छ ठेवते, नाहीतर कुठे कापतोय ते दिसणार नाही. त्या फुंकरीने पूड सरळ माझ्या तोंडावर यायची. मी व्हॅक्यूमची दुसरी शाखा वर आणून वीतभर अंतरावर धरली. काही उपयोग नाही. याचं कारण देवघरात कळतं. समई हातभर अंतरावरून फुंकरीने विझवता येते, पण तोंड अगदी जवळ नेऊन श्वास आत ओढला तरी ज्योत विझत नाही. फुंकर एका दिशेने जाते, ओढलेली हवा चहूबाजूंनी येते. नळीच्या तोंडापासून तोंडाच्याच रुंदीइतकं लांब गेलं की ओढीचा वेग जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तेव्हा वरची नळी पात्यापासून बोटभर अंतरावर आणली, आणि फुंकणी वळवून तिचा वारा थेट नळीच्या तोंडात जाईल असा कोन धरला. फुंकणी ढकलते, नळी घेते. हा कोन साधायला एक पूर्ण सकाळ गेली.

खालच्या बाजूला टेबलाखाली ६ मिलिमीटर प्लायची पेटी केली, दाराला लोहचुंबक लावले. मोटर पेटीच्या बाहेर ठेवली, तिला गार हवा हवी. इथे एक चूक झाली ती सांगायला हवी. उत्साहाच्या भरात मी पेटीची प्रत्येक फट सिलिकॉनने बुजवली. व्हॅक्यूम चालू करताच त्याचा सूर चढला, आणि भुसा पेटीत तसाच पडून. मग अगरबत्ती लावली. धूर टेबलाच्या भोकापाशी नेला, तो तिथेच रेंगाळला. हवा आत यायलाच वाट नव्हती, तर धूळ घेऊन बाहेर कशी जाईल? पेटीला समोरून दोन बोटं रुंद फट कापली. व्हॅक्यूमचा सूर उतरला आणि अगरबत्तीचा धूर दोरीसारखा सरळ आत ओढला गेला. तेव्हापासून जोडणीत काही बदललं की आधी अगरबत्ती.

व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोन बसवला. शंकूच्या आकाराचं भांडं, खाली रंगाची २० लिटरची बादली. आंबोली घाटाच्या वळणावर एसटीत उभी माणसं बाहेरच्या अंगाला फेकली जातात, तसा गरगरणाऱ्या हवेतला भुसा भिंतीला लागतो आणि घसरून बादलीत पडतो. लाकूड गिरण्यांत हे पूर्वीपासून आहे. जेम्स डायसनला पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूमची कल्पना अशाच एका गिरणीवरून सुचली आणि त्याने ५,१२७ नमुने करून ती तडीस नेली. सायक्लोनमुळे माझा फिल्टर तुंबणं थांबलं. पण अगदी बारीक पूड सायक्लोनला चुकवते, म्हणून त्यापुढे हेपा फिल्टर हवाच. ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा तो.

व्हॅक्यूम खोलीत ठेवावा की बाहेर? बाहेर ठेवला तर आवाज आणि निसटलेली पूड दोन्ही बाहेर. मी एक्झॉस्टच्या भोकातून नळी काढून पाहिली. तासाभरात खोली भट्टी झाली. व्हॅक्यूम आतली गार हवा बाहेर टाकत होता आणि दाराखालून तेवढीच ऑगस्टची हवा आत येत होती. म्हणून उन्हाळ्यात आत, हेपासह, हिवाळ्यात बाहेर. मुंबई-पुण्यातल्या वाचकाने सरळ बाहेर ठेवावा.

दर वीस-पंचवीस मिनिटांनी व्हॅक्यूमला विश्रांती देतो, तेवढ्यात पातं बदलायची वेळ आलेलीच असते. मास्क तरीही लावतो, एफएफपी२ दर्जाचा. एमडीएफ या खोलीत कापणं बंद केलं आहे. त्याची पूड अधिक बारीक असते आणि त्यात फॉर्मल्डिहाइडवर आधारलेला डिंक असतो. स्वस्त पडतं म्हणून कोणी आग्रह केला तर मी ते मखर घेत नाही.

जोडणी किती चांगली झाली हे पाहायला रात्री खोलीतला दिवा मालवतो आणि यंत्र चालू ठेवून टॉर्चचा झोत आडवा टाकतो. लहानपणी कौलातून पडणाऱ्या कवडशात धूळ नाचताना दिसायची, तेच हे. पहिल्या रात्री झोत दुधासारखा पांढरा दिसला होता. आता त्यात तुरळक ठिपके असतात आणि वरची नळी काढली की दोन मिनिटांत झोत पुन्हा दाटतो. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने काहीही विकत घेण्याआधी ही टॉर्च एकदा लावून पाहावी.

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला आले. त्याआधी मी चार मखरं कापली. सप्टेंबरात तोच एसीवाला कॉइल धुवायला आला. बादलीत उतरलेलं पाणी करडं होतं, तळाशी वाळवंटाची बारीक रेती बसली होती.