विश्लेषण : दोन मिनिटांच्या नूडल्सचे पोटभर जेवण कसे होईल?

रविवारी संध्याकाळी पुण्यातील बहुतेक खानावळी बंद असतात. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेले, कॉट बेसिसवर राहणारे अनेक विद्यार्थी त्या रात्री झटपट नूडल्सवर भागवतात. एका पाकिटाने पोट भरत नाही, म्हणून दुसरेही फोडले जाते. मात्र दुसऱ्या पाकिटाच्या पैशांत पहिलेच पाकीट अधिक चविष्ट आणि पौष्टिक करता येते. ते कसे, याचा हा आढावा.

हे नूडल्स इतक्या लवकर कसे शिजतात?

कारण ते आधीच शिजवलेले असतात. मैद्याच्या शेवया कारखान्यात वाफवल्या जातात आणि बहुतेक कंपन्या त्या नंतर तेलात तळतात. तळताना शेवयांमधील पाण्याची वाफ होऊन बाहेर पडते आणि मागे बारीक छिद्रे उरतात. घरी उकळते पाणी याच छिद्रांतून आत शिरते आणि कडक वडी काही मिनिटांत मऊ होते. हे तंत्र जपानमध्ये ओसाकाजवळच्या इकेदा येथे मोमोफुकू आंदो यांनी विकसित केले. त्यांचे ‘चिकन रामेन’ २५ ऑगस्ट १९५८ रोजी बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत ३५ येन होती. ताज्या उदोन नूडल्सच्या तुलनेत ते सुमारे सहापट महाग होते. म्हणजे ‘स्वस्तातले खाणे’ ही ओळख नंतरची. कपातले नूडल्स १९७१ मध्ये आले, तर भारतात १९८३ मध्ये ‘मॅगी’ आली आणि मसाल्याच्या चवीमुळे घरोघरी पोहोचली.

पाकिटात कमी काय असते?

साधारण ७० ग्रॅमच्या पाकिटात मुख्यतः मैद्याची कर्बोदके आणि तळणीचे तेल असते. प्रथिने जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात आणि तंतुमय पदार्थ फारच थोडे. त्यामुळे खाल्ल्यावर पोट भरल्यासारखे वाटते, पण थोड्या वेळाने पुन्हा भूक लागते. मीठ मात्र भरपूर असते. कंपनीनुसार प्रमाण बदलते, तरी एका पाकिटातून दोन-तीन ग्रॅम मीठ सहज पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. दोन पाकिटे दोन्ही पुड्यांसकट खाल्ली तर ही मर्यादा एकाच जेवणात गाठली जाऊ शकते. पाकिटामागच्या तक्त्यात मिठाऐवजी ‘सोडियम’ लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण कळते.

मसाल्याची अर्धीच पुडी घातली तर चव कशी येणार?

मिठाचा मोठा वाटा या पुडीत असतो, म्हणून पहिली काटछाट तिथेच करावी. कमी झालेली चव आंबट, तिखट आणि खमंग पदार्थांनी भरून काढता येते. चमचाभर तेलात जिरे, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परतावी. मग बारीक चिरलेला कांदा आणि टोमॅटो घालावा. टोमॅटो मऊ झाला की पाणी ओतून उकळी आणावी आणि त्यात नूडल्स व अर्धी पुडी घालावी. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळावे, कारण लिंबू उकळले तर त्याचा ताजेपणा जातो. घरून आणलेली लसणाची किंवा कारळ्याची चटणी वरून भुरभुरली तरी चव बदलते. मात्र चटणीतही मीठ असते, हे लक्षात ठेवावे.

उरलेली अर्धी पुडी फेकण्याची गरज नाही. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवली तर ती दुसऱ्या दिवशी पोह्यांत किंवा बटाट्याच्या भाजीत वापरता येते.

सर्वात स्वस्त भर कोणती?

अंडे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे ताटातील प्रथिने जवळपास दुप्पट होतात. नूडल्स शिजत आले की फेटलेले अंडे उकळत्या रश्श्यात बारीक धारेने सोडावे आणि हलके ढवळावे. अंड्याचे तंतू होतात आणि रस्सा दाट होतो. रस्सा नको असेल तर आधी भुर्जी करून त्यात पाणी निथळलेले नूडल्स परतावेत. जपानमध्ये ‘चिकन रामेन’च्या वडीवर अंडे फोडण्यासाठी खास खळगा असतो. तिथे अंडे अर्धेकच्चे खाण्याची पद्धत आहे. आपल्याकडे मात्र ते पूर्ण शिजवलेलेच बरे.

अंडे न खाणाऱ्यांसाठी शेंगदाणे आहेत. दोन मोठे चमचे दाण्याचे कूट, चिमूटभर तिखट, गुळाचा छोटा खडा आणि लिंबाचा रस एकत्र करावा. नूडल्सचेच तीन-चार चमचे गरम पाणी घालून तो सारखा केला की दाट सॉस तयार होतो. त्यात निथळलेले नूडल्स घोळवावेत. यात मसाल्याची पुडी नसली तरी चालते, फक्त चवीपुरते मीठ घालावे. मोड आलेली मटकीही उत्तम, पण ती कच्ची घालू नये. ओलसर, उबदार जागेत मोड येताना जंतूही वाढू शकतात, म्हणून मटकी आधी नीट शिजवून घ्यावी.

भाज्या कधी घालायच्या?

सगळ्या भाज्या एकदम टाकल्या तर गाजर कच्चे राहते आणि पालकाचा लगदा होतो. गाजर, फरसबी, मटार आधी पाण्यात पाच-सहा मिनिटे उकळावेत आणि मग नूडल्स टाकावेत. कोबी आणि सिमला मिरची नूडल्सबरोबर घालता येते. पालक, कांद्याची पात, कोथिंबीर अगदी शेवटी. भाज्या घातल्या तर पाणी किंचित वाढवावे.

घरी राहणाऱ्यांसाठी त्याहून सोपा मार्ग म्हणजे उरलेली आमटी. आमटी किंवा वरण पाणी घालून पातळ करावे, उकळी आणावी आणि त्यातच नूडल्स शिजवावेत. डाळीमुळे प्रथिने वाढतात. आमटीत मीठ-मसाला आधीच असल्याने पुडीची गरजच उरत नाही. चवीला हा प्रकार चकोल्यांच्या जवळ जातो.

गॅस नसेल, फक्त किटली असेल तर?

नूडल्स किटलीतच शिजवण्याचा मोह टाळावा. मैद्याच्या पिठूळ पाण्याला फेस येऊन ते उतू जाते, शेवया तळाशी चिकटतात आणि वीजजोडणीपर्यंत पाणी गेले तर धोका वाढतो. त्याऐवजी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात नूडल्स घ्यावेत, वर उकळते पाणी ओतावे आणि पाच-सहा मिनिटे झाकून ठेवावे. किसलेले गाजर किंवा बारीक चिरलेला कोबी आधीच तळाशी घातला तर त्याच वाफेत मऊ होतो. खाण्याआधी जास्तीचे पाणी काढून अर्धी पुडी, भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, कच्चा कांदा आणि लिंबू घालावे. फुटाणे शेवटीच घालावेत, नाहीतर त्यांचा कुरकुरीतपणा जातो. कोपऱ्यावरच्या अंडा-भुर्जीच्या गाडीवर उकडलेले अंडे मिळाले, तर भर पूर्ण झाली.

पाणी ओतून दिल्याने फायदा होतो का?

थोडा होतो. नूडल्स साध्या पाण्यात उकळून ते पाणी टाकले तर तळणीचे काही तेल आणि शेवयांतले काही मीठ निघून जाते. पण त्यामुळे मैद्याचे पोषणमूल्य वाढत नाही. म्हणून त्या पाण्यापेक्षा ताटात काय घातले, याला अधिक महत्त्व आहे.

मग हे रोज खाल्ले तर चालेल?

नाही. अंडे आणि भाज्या घातल्या तरी मूळ पदार्थ तळलेला मैदाच राहतो. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी पुडीबाबत विशेष काळजी घ्यावी. पण खानावळ बंद असलेल्या रात्री हिशेब साधा आहे. दुसरे पाकीट विकत घेतले तर मैदा, तेल आणि मीठ दुप्पट होते. जवळपास तेवढ्याच पैशांत एक अंडे, अर्धा टोमॅटो आणि मूठभर कोबी येतो. पाकीट एकच, पुडी अर्धी आणि वरून लिंबू, एवढे पाळले तरी रात्री अकराला पुन्हा भूक लागून अभ्यास मोडण्याची वेळ सहसा येत नाही.