परग्रहावरील बुद्धिमंतांचा शोध : अडते कोठे?

इंदूर : येथील आयआयटीतील खगोलशास्त्रज्ञ विश्वाच्या बाल्यावस्थेतील हायड्रोजनचा अतिक्षीण रेडिओ संकेत टिपण्याच्या कामात गुंतले आहेत. या संकेताची मूळ तरंगलांबी २१ सेंटीमीटर. परग्रहावर कोणी बुद्धिमान असेल, तर तोही याच तरंगलांबीवर साद घालील, असे ज्युसेपे कोकोनी व फिलिप मॉरिसन यांनी १९५९ साली सुचविले होते. कारण हायड्रोजन विश्वात सर्वत्र आहे. लहर तीच; मात्र हायड्रोजनच्या अभ्यासाला सरकारी निधी मिळतो, त्या सादेच्या शोधाला क्वचितच.

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. नासाने १२ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू केलेला शोध तेथील काँग्रेसने वर्षभरातच थांबविला. वास्तविक त्याचा खर्च नासाच्या अंदाजपत्रकाच्या एक दशांश टक्क्याहूनही कमी होता. तेव्हापासून हे काम मुख्यतः देणग्यांवर चालते. पॉल ॲलन यांच्या साहाय्याने कॅलिफोर्नियात ३५० अँटेनांची दुर्बीण उभारण्याचे ठरले होते. प्रत्यक्षात ४२ उभ्या राहिल्या आणि २०११ मध्ये निधीअभावी त्याही काही महिने बंद ठेवाव्या लागल्या. २०१५ मध्ये युरी मिल्नर यांनी १० कोटी डॉलर जाहीर केले, तेही १० वर्षांच्या मुदतीने.

अडचण रकमेपेक्षा कामाच्या स्वरूपात आहे. हायड्रोजनचा अभ्यास करताना अपेक्षित संकेत सापडला नाही, तरी विश्वाविषयी काही ज्ञान पदरी पडते. येथे मात्र उत्तर उद्या मिळेल की शंभर वर्षांनी, हे कोणीच सांगू शकत नाही. वार्षिक अंदाजपत्रकात अशा प्रतीक्षेला जागा नसते आणि दात्याचा उत्साह ओसरला की प्रशिक्षित माणसे पांगतात.

यावर एक काटकसरीचा मार्ग आहे. दुर्बीण अन्य कामासाठी आकाश न्याहाळत असतानाच तिच्या नोंदींची प्रत घेऊन त्यात कृत्रिम संकेत शोधता येतात. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली नारायणगावजवळ उभारलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या जीएमआरटीसारखी दुर्बीण भारताकडे आहेच. आंतरराष्ट्रीय ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ प्रकल्पासाठीही केंद्राने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. मोबाइल व उपग्रहांच्या गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढण्याचे जे कौशल्य इंदूरच्या संशोधकांना लागते, तेच या शोधालाही हवे असते. म्हणजे नवी वेधशाळा नव्हे, तर संगणक आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या संशोधकांच्या जागा एवढीच खरी गरज उरते. तेवढीही तरतूद झाली नाही, तर एखादी साद आपल्याच नोंदींत न वाचता पडून राहील.