गेम खेळायच्या डब्यात सिनेमा आला कसा, अन् काही ठिकाणी गायब झाला कसा? जाणून घ्या टीव्हीला जोडायच्या यंत्रांचा हा सगळा हिशेब

आज गावोगावी स्मार्ट टीव्ही आलेत. टीव्ही जुना असेल तर त्याला 'स्टिक' नाहीतर छोटा डबा जोडून यूट्यूब, वेब सिरीज, पिक्चर सगळं बघितलं जातं. पण पिक्चर नेटवरून थेट टीव्हीवर बघायची सवय जगातल्या लाखो घरांना लागली ती स्मार्ट टीव्हीमुळं नाही. ती लागली पोरांनी हट्ट करून घेतलेल्या व्हिडिओ गेमच्या डब्यामुळं. या डब्याला कन्सोल म्हणतात. एक्सबॉक्स, प्लेस्टेशन, वी ही त्यातली गाजलेली नावं.

ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे. पण तिच्यात आपल्याही खिशाशी संबंधित एक मुद्दा दडलाय. यंत्र आपण विकत घेतो, पण त्यावर दिसणारा सिनेमा आपल्या मालकीचा असतो का? चला, सविस्तर समजून घेऊ.

आधी काय होतं?

आपल्याकडं एक काळ असा होता, की रात्रभरासाठी व्हीसीआर आणि कॅसेट भाड्यानं आणायची आणि अख्ख्या वाड्यानं मिळून तीन-तीन पिक्चर बघायचे. अमेरिकेतही लोक दुकानातून कॅसेट आणि पुढं डीव्हीडी भाड्यानं न्यायचे. 'ब्लॉकबस्टर' ही तिथली सगळ्यात मोठी साखळी. भरभराटीच्या काळात तिची सुमारे ९ हजार दुकानं होती.

नेटफ्लिक्सचा धंदाही सुरुवातीला डीव्हीडीचाच होता. १९९८ पासून ही कंपनी पाकिटात डीव्हीडी घालून पोस्टानं घरी पाठवायची. बघून झाली की त्याच पाकिटातून परत. जानेवारी २००७ मध्ये कंपनीनं नेटवरून थेट पिक्चर दाखवायला सुरुवात केली. पण अडचण अशी, की तो बघायचा कुठं? तर कॉम्प्युटरवर. खुर्चीत बसून छोट्या पडद्यावर दोन तासांचा पिक्चर कोण बघणार? सगळं घर बसतं टीव्हीसमोर, आणि त्या काळच्या बहुतेक टीव्हींना नेटच नव्हतं.

मग टीव्हीपर्यंत पोचायचं कसं?

पहिला मार्ग म्हणजे वेगळा डबा. मे २००८ मध्ये 'रोकू' कंपनीनं नेटफ्लिक्ससाठी असा डबा बाजारात आणला. किंमत १०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानं चार हजार रुपयांच्या वर. डबा चांगला होता, पण फक्त पिक्चर बघायला आणखी एक वस्तू घ्यावी लागत होती.

दुसरा मार्ग जास्त सोपा निघाला. लाखो घरांत टीव्हीखाली एक डबा आधीच पडून होता, तो म्हणजे गेमचा कन्सोल. स्ट्रीमिंगला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी त्याच्यात तयार होत्या:

- तो टीव्हीला जोडलेला होता.
- इतरांशी ऑनलाइन खेळता यावं म्हणून त्याला नेट होतं.
- गेमची चित्रं झरझर हलवायला लागणारा ताकदवान प्रोसेसर त्यात होता. त्याच्यासाठी पिक्चर चालवणं म्हणजे किरकोळ काम.

म्हणजे नवीन यंत्र घ्यायची गरजच नव्हती. फक्त नवीन ॲप टाकायचं, की काम झालं.

तीन कंपन्या, दोन वर्षं

१९ नोव्हेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर अमेरिकेत नेटफ्लिक्स सुरू झालं. फेब्रुवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की १० लाखांहून जास्त ग्राहकांनी ते चालू केलंय. जेमतेम तीन महिन्यांतली ही गोष्ट.

सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर ते नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, पण जरा विचित्र पद्धतीनं. नेटफ्लिक्स पोस्टानं एक चकती पाठवायचं. ती चकती आत घातली तरच पिक्चर नेटवरून चालायचा. निन्टेंडोच्या वी या कन्सोलवर २०१० च्या वसंतात, तसंच चकती घालून, ते सुरू झालं. वीची ताकद कमी असल्यानं त्यावर एचडी चित्र दिसत नव्हतं, पण साधं चित्र व्यवस्थित चालायचं. ऑक्टोबर २०१० मध्ये या दोन्ही कन्सोलवरची चकतीची कटकट संपली.

हे फक्त अमेरिकेतच घडलं असंही नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनं आपली 'आयप्लेयर' ही सेवा एप्रिल २००८ मध्येच वीवर आणली होती.

सप्टेंबर २०१० मध्ये ब्लॉकबस्टरनं दिवाळखोरी जाहीर केली. त्याला कारणं बरीच होती: अंगावरचं कर्ज, पोस्टानं येणाऱ्या डीव्हीडी, रस्त्याकडेला बसवलेली डीव्हीडीची मशिनं. त्यात टीव्हीसमोरून उठायचीच गरज उरली नाही, ही भर पडली. आज अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या बेंड शहरात ब्लॉकबस्टरचं एक दुकान तेवढं शिल्लक आहे. नेटफ्लिक्सनंही आपली पोस्टानं डीव्हीडी पाठवायची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

स्ट्रीमिंग म्हणजे नेमकं काय?

सोपं उदाहरण घेऊ. डाउनलोड म्हणजे आधी टाकी पूर्ण भरायची, मग पाणी वापरायचं. स्ट्रीमिंग म्हणजे नळ चालू ठेवून खाली लावलेली बादली. वरून पाणी पडतंय, तोवर तुम्ही तांब्यानं घेत राहता.

एक्सबॉक्सवर २००६ च्या नोव्हेंबरपासून पिक्चर भाड्यानं डाउनलोड करता येत होते. पण एचडी पिक्चरची फाइल चार-पाच जीबीची आणि त्या वेळच्या एक्सबॉक्सची हार्ड डिस्क २० जीबीची. चार पिक्चर घेतले की डिस्क भरली. शिवाय बघायला सुरुवात केली की २४ तासांत संपवायचा, नाहीतर भाडं वाया.

स्ट्रीमिंगमध्ये पिक्चरचे काही सेकंदांचे छोटे छोटे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जात तयार ठेवलेला असतो. नेट जोरात असेल तर यंत्र चांगल्या चित्राचा तुकडा मागवतं, नेट मंदावलं की हलक्या चित्राचा. म्हणून मध्येच चित्र धूसर होतं आणि परत स्पष्ट होतं. नळाची धार इतकी बारीक झाली, की बादलीच रिकामी पडली, तर पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागतं. सगळ्यांच्या ओळखीचं!

कोणाचा फायदा, कोणाचा खर्च?

कंपन्यांनी हे समाजसेवा म्हणून केलं नाही. नेटफ्लिक्सला स्वतः यंत्र न बनवता लाखो घरांच्या बैठकीत शिरायला मिळालं. मायक्रोसॉफ्टला वेगळा फायदा होता. एक्सबॉक्सवर नेटफ्लिक्स बघायचं असेल, तर नेटफ्लिक्सचे पैसे भरूनही मायक्रोसॉफ्टचं 'गोल्ड' सदस्यत्व घ्यावं लागायचं. वर्षाला सुमारे ५० डॉलर. म्हणजे एकाच पिक्चरसाठी दोन ठिकाणी पैसे. प्लेस्टेशन आणि वीवर अशी जादा वर्गणी नव्हती. ही अट मायक्रोसॉफ्टनं काढली ती थेट जून २०१४ मध्ये.

आणखी एक खर्च पटकन दिसत नाही, तो म्हणजे लाइट बिल. गेमसाठी बनवलेलं यंत्र पिक्चर दाखवतानाही बरीच वीज खातं. सुरुवातीचे प्लेस्टेशन ३ तर १०० वॅटच्या पुढं जायचे. १०० वॅटचं यंत्र दहा तास चाललं की एक युनिट पडतं. टीव्हीच्या मागं लावायच्या स्टिकला याच्या तुलनेत अगदी किरकोळ वीज लागते.

आलं तसं गेलं

आता महत्त्वाचा भाग. घरातली वस्तू खराब झाली तर कळतं. पण वस्तू धडधाकट असूनही तिचं काम बंद पडलं तर?

नेमकं तेच झालं. जानेवारी २०१९ च्या अखेरीस वीवरच्या नेटफ्लिक्ससकट सगळ्या व्हिडिओ सेवा बंद झाल्या. जून २०२१ च्या अखेरीस निन्टेंडोच्याच वी यू आणि ३डीएस या यंत्रांवरचं नेटफ्लिक्स थांबलं. यंत्रं चालू होती, रिमोट चालू होता, पण पलीकडून येणारं पाणीच बंद. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विचवर तर नेटफ्लिक्सचं ॲप आलंच नाही. कोणत्या डब्यावर काय दिसणार, हे कंपन्या आपसात ठरवतात. ग्राहकाला कोणी विचारत नाही.

वर्गणीचं एक वेळ समजू शकतं. महिना संपला, सेवा संपली. पण 'विकत' घेतलेल्या पिक्चरचं काय?

सोनीनं प्लेस्टेशनच्या दुकानातून पिक्चर विकणं ऑगस्ट २०२१ मध्ये बंद केलं. जुन्या ग्राहकांना सांगितलं, की घेतलेले पिक्चर बघता येतील. मग २०२२ च्या जुलैत जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांना कळवण्यात आलं, की 'स्टुडिओकॅनाल' या कंपनीचे, त्यांनी पैसे मोजून घेतलेले पिक्चर ३१ ऑगस्टपासून त्यांच्या खात्यात दिसणार नाहीत. कारण काय, तर सोनी आणि पिक्चरवाल्या कंपनीतला करार. डिसेंबर २०२३ मध्ये 'डिस्कव्हरी'च्या कार्यक्रमांबाबतही अशीच सूचना निघाली. त्यावर मोठी ओरड झाली, नवीन करार झाला आणि ते कार्यक्रम तूर्त वाचले.

मायक्रोसॉफ्टनंही जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान बंद केलं. त्या जुन्या यंत्रावरचं पिक्चरचं ॲपही तेव्हाच थांबलं. ज्या डब्यानं हा सगळा बदल घडवला, त्याच्याच वाट्याला शेवटी हे आलं.

याचा अर्थ सरळ आहे. नेटवर 'बाय' म्हणजे विकत घ्या असं बटण असलं, तरी मिळते ती बघायची परवानगी. घरातली सीडी कपाटात राहते. ही परवानगी मात्र दोन कंपन्यांच्या कराराला बांधलेली असते.

आपल्याकडं याचा काय उपयोग?

नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. आपल्याकडच्या गावांनी कन्सोलचा टप्पा जवळपास ओलांडूनच टाकला. सिनेमा थेट मोबाइलवर आला आणि तिथून टीव्हीवर. पण नियम तेच राहिले. म्हणून टीव्ही, स्टिक किंवा डबा घेताना, नाहीतर वर्षभराचं रिचार्ज मारताना एवढं तपासा:

- ॲप अपडेट किती वर्षं मिळणार, हे दुकानदाराला विचारा. टीव्हीचा पडदा दहा वर्षं टिकेल, पण त्यातली ॲप त्याआधीच बंद पडू शकतात. तसं झालं तर टीव्ही बदलायची घाई करू नका. एचडीएमआयचं भोक असेल तर वेगळी स्टिक लावून काम भागतं.
- डेटाचा हिशेब करा. एचडी पिक्चरला तासाला सुमारे ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलचा हॉटस्पॉट टीव्हीला दिला, तर रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये अर्धा तास झाला की खेळ खल्लास. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा कमी करा, डेटा बराच वाचतो.
- वर्षाची वर्गणी एकदम भरायची असेल तर विचार करा. जी मालिका बघायला पैसे भरताय, ती मध्येच दुसऱ्या ॲपवर जाऊ शकते. नवीन सेवा आधी महिनाभर घेऊन बघितलेली बरी.
- मोबाइलचा प्लॅन टीव्हीवर चालतो का, ते वाचा. काही स्वस्त प्लॅन फक्त मोबाइलपुरते असतात.
- जपून ठेवायचं ते स्वतःजवळ ठेवा. लग्नाची कॅसेट, आजोबांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग, गावच्या जत्रेचे व्हिडिओ फक्त एखाद्या ॲपच्या भरवशावर टाकू नका. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर दोन ठिकाणी कॉपी ठेवा.

भाड्याचा व्हीसीआर सकाळी परत द्यायचाय, हे रात्री बघताना सगळ्यांना माहीत असायचं. आताचा सिनेमाही बहुतेक वेळा भाड्याचाच आहे. फक्त तो परत कधी द्यायचा, हे आधी कोणी सांगत नाही. एवढं ध्यानात ठेवून पैसे भरले, तर नंतर पस्तावायची वेळ येत नाही.